चार रायझन ५, चार वेगळ्या चिप: प्रोसेसरचं कोडनेम कसं शोधायचं आणि त्यावरून काय ठरवायचं

दुकानात चार लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेत असं धरा. चारही लॅपटॉपवर रायझन ५ चं स्टिकर. खाली बारीक अक्षरांत क्रमांक आहेत: ७५२०यू, ७५३०यू, ७५३५यू आणि ७५४०यू. विक्रेता म्हणेल, सगळे ७००० सिरीजचेच, लेटेस्ट. आकडे बघून कुणालाही वाटेल की पहिल्याकडून चौथ्याकडे जाताना वेग थोडाथोडा वाढत गेला असणार.

प्रत्यक्षात पहिल्यात चार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि बाकी तिघांत सहा. पहिल्यातल्या कोअरची रचना २०१९ मधली, दुसऱ्यातली २०२० मधली, तिसऱ्यात तिचीच सुधारलेली आवृत्ती, आणि चौथ्यात २०२२ मधली नवी रचना. एल३ कॅश (चिपवरचीच छोटी, वेगवान मेमरी) पहिल्यात ४ एमबी, बाकीच्यांत १६ एमबी. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या कागदपत्रांत या चौघांना चार वेगळी नावं आहेत: मेंडोसिनो, बार्सेलो-आर, रेम्ब्रांट-आर आणि फिनिक्स. हीच ती कोडनेम.

म्हणून पहिला घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. तो स्वस्त असतो, आणि टायपिंग, ब्राउझर, मुलांचे ऑनलाइन तास यासाठी पुरतो. पण ७५३० पेक्षा दहानेच कमी, म्हणजे जवळपास तोच, असं समजून घेतलात तर फसाल.

स्टिकरवरचं नाव विक्री विभाग ठरवतो. कोडनेम त्याच्या आधीचं असतं. चिप कागदावर असतानाच इंजिनिअर तिला ते देतात. त्यामुळे जुनी चिप नव्या आकड्याने पुन्हा बाजारात आली तरी कोडनेम बहुधा तिची ओळख सांगून जातं. रायझन ३, ५ की ७, किंवा इंटेलचा आय३, आय५ की आय७, हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: आत कोणती चिप आहे?

पहिली पायरी: पूर्ण क्रमांक मिळवा

"आय५ आहे" हे उत्तर पुरेसं नाही. पहिला आय५ सप्टेंबर २००९ मध्ये आला आणि २०२३ च्या चौदाव्या पिढीतही आय५ होता. मधल्या काळात कोअरची संख्या, रॅमचा प्रकार, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा), सगळं अनेकदा बदललं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातीत मात्र "कोअर आय५, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी" एवढंच असतं. पिढीचा उल्लेख नसेल तर तो बहुतेक वेळा मुद्दाम टाळलेला असतो.

विक्रेत्याकडून विंडोजच्या सेटिंग्जमधल्या सिस्टम, अबाउट या पानाचा फोटो मागवा. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं. त्यासोबत टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधल्या सीपीयू पानाचाही फोटो मागा. तिथे कोअर, लॉजिकल प्रोसेसर (म्हणजेच थ्रेड, एका वेळी चालू शकणारी कामं) आणि एल१, एल२, एल३ कॅशचे आकडे दिसतात. कॅशचा आकडा चिपची ओळख पटवायला फार उपयोगी पडतो, आणि त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर टाकावं लागत नाही. काउंटरवर उभं राहूनसुद्धा हे अर्ध्या मिनिटात होतं. मनगट टेकायच्या जागेवरच्या स्टिकरवर विसंबू नका. त्यावर बहुधा फक्त ब्रँड असतो, आणि स्टिकर बदलताही येतं.

क्रमांकाच्या शेवटचं अक्षर गाळू नका. यू म्हणजे कमी वीज, एच म्हणजे जास्त ताकदीचा लॅपटॉप, के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा डेस्कटॉप, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. अक्षर बदललं की अनेकदा कोडनेमही बदलतं.

दुसरी पायरी: नाव नेमकं कशाचं आहे ते पाहा

वाचणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोडनेम एकाच गोष्टीचं नसतं, त्याचे थर असतात.

इंटेलच्या बाराव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर घ्या. संपूर्ण चिपचं नाव अल्डर लेक. तिच्यात दोन प्रकारचे कोअर: मोठे, ताकदवान कोअर गोल्डन कोव्ह आणि छोटे, कमी वीज खाणारे कोअर ग्रेसमाँट. त्याच चिपची कारखान्यातली आवृत्ती म्हणजे स्टेपिंग, उदाहरणार्थ सी०. आणि ती ज्या सॉकेटमध्ये बसते तो एलजीए १७००. ही चारही नावं बरोबर आहेत, पण चार वेगळ्या गोष्टींची आहेत.

एएमडीकडे कोअरची रचना म्हणजे झेन, झेन २, झेन ३ वगैरे. झेन ३ कोअर वापरून डेस्कटॉपसाठी व्हर्मीर नावाची चिप झाली, लॅपटॉपसाठी सेझान झाली आणि सर्व्हरसाठी मिलान. त्यामुळे "झेन ३ चांगला की व्हर्मीर?" या प्रश्नाला उत्तर नाही, व्हर्मीरमध्ये झेन ३ च आहे.

पूर्वी हा घोळ नव्हता. २००५ पर्यंत डेस्कटॉप चिपमध्ये कोअरच एक असायचा, म्हणून लोक सरळ "नॉर्थवूड कोअर", "बार्टन कोअर" म्हणायचे. एका चिपवर अनेक आणि पुढे वेगवेगळ्या जातींचे कोअर बसायला लागले तेव्हा चिपचं आणि कोअरचं नाव वेगळं झालं. जुन्या सवयीने आजही "रॅप्टर लेक कोअर" म्हटलं जातं. चालतं, पण तुलना करताना दोन्हीकडे एकाच थराचं नाव घ्या.

नावं येतात कुठून? इंटेल बऱ्याच वर्षांपासून भूगोलातून नावं उचलते, कारण नदी, डोंगर, गाव यांच्या नावावर कुणी ट्रेडमार्कचा दावा सांगत येत नाही. क्लॅमथ, डेशूट्स, विलामेट, टुआलाटिन, नेहेलम या सगळ्या अमेरिकेतल्या ओरेगन राज्याशी जोडलेल्या नद्या आहेत. इंटेलचं मोठं केंद्र तिथल्या हिल्सबरोला आहे. एएमडीने ॲथलॉन एक्सपीच्या काळात पालोमिनो, थरोब्रेड अशी घोड्यांची नावं दिली, फिनॉमच्या काळात डेनेब, थुबान असे तारे आले, आणि रायझनमध्ये मातीस, व्हर्मीर, सेझान, रेम्ब्रांट असे चित्रकार. आपल्या देशाशी जोडलेलं एक नाव सांगतो: २००८ मधला सहा कोअरचा सर्व्हर प्रोसेसर झिऑन ७४००, कोडनेम डनिंग्टन. त्याचं डिझाइन इंटेलच्या बंगळुरूच्या केंद्रात झालं.

शोधताना एक काळजी घ्या. नावं पुन्हा वापरली जातात. मेंडोसिनो हे १९९८ मधल्या इंटेल सेलेरॉनचंही कोडनेम होतं. नुसतं नाव टाकून शोधलंत तर पंचवीस वर्षं जुन्या चिपची माहिती समोर येईल, म्हणून कंपनीचं नाव जोडा.

तिसरी पायरी: इंटेलच्या क्रमांकावरून कोडनेम

साधा नियम असा: चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढीचा, पाच आकडीत पहिले दोन. डेस्कटॉपपुरतं हे बऱ्यापैकी सरळ आहे. दुसरी पिढी सँडी ब्रिज (२०११), तिसरी आयव्ही ब्रिज, चौथी हॅसवेल, पाचवी ब्रॉडवेल, सहावी स्कायलेक (२०१५), सातवी केबी लेक, आठवी आणि नववी कॉफी लेक, दहावी कॉमेट लेक (२०२०), अकरावी रॉकेट लेक, बारावी अल्डर लेक (२०२१), तेरावी आणि चौदावी रॅप्टर लेक.

लॅपटॉपमध्ये मात्र पिढीवर भरवसा ठेवता येत नाही. आठवी पिढी तर याचा कळस आहे. फक्त आय५ बघा. ८२५०यू म्हणजे केबी लेक आर. ८२६५यू म्हणजे व्हिस्की लेक. ८२५९यू आणि ८३००एच म्हणजे कॉफी लेक. ८२००वाय म्हणजे अँबर लेक, ज्यात दोनच कोअर. आणि ८३०५जी म्हणजे केबी लेक-जी, ज्याच्या पॅकेजवर चक्क एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स बसवलेलं होतं. सगळ्यांवर स्टिकर एकच: कोअर आय५, आठवी पिढी.

दहाव्या पिढीत तर आकड्यांची पद्धतच दोन प्रकारची झाली. आय५-१०२१०यू हा कॉमेट लेक, १४ नॅनोमीटर (हे चिप बनवण्याच्या प्रक्रियेचं माप), कमाल वेग ४.२ गिगाहर्ट्झ. आय५-१०३५जी१ हा आइस लेक, १० नॅनोमीटर, कमाल वेग ३.६ गिगाहर्ट्झ. दोन्हींत चार कोअर. नुसते गिगाहर्ट्झ बघितले तर पहिला जिंकतो. पण कॉमेट लेकमधला कोअर मुळात २०१५ च्या स्कायलेकचाच, तर आइस लेकमध्ये सनी कोव्ह हा नवा कोअर आहे. इंटेलच्या दाव्यानुसार तो त्याच वेगाला स्कायलेकपेक्षा सरासरी १८ टक्के जास्त काम करतो. म्हणजे साध्या कामात दोघं आसपास येतात. ग्राफिक्समध्ये मात्र आइस लेकचे जी४ आणि जी७ प्रकार स्पष्टपणे पुढे आहेत. शेवटच्या जीपुढचा आकडा ग्राफिक्सची पातळी सांगतो, त्यामुळे जी१ आणि जी७ एक समजू नका.

डेस्कटॉपच्या तेराव्या पिढीतही असाच एक सापळा आहे. आय५-१३६००के मध्ये खरी रॅप्टर लेक चिप आहे: प्रत्येक मोठ्या कोअरला २ एमबी एल२ कॅश, एकूण २० एमबी. आय५-१३४०० मध्ये मात्र मोठ्या कोअरला १.२५ एमबीच मिळते, एकूण ९.५ एमबी. हे बाराव्या पिढीचं, म्हणजे अल्डर लेकचं माप आहे. १३४०० काही वेळा अल्डर लेकच्या सी० चिपवर येतो, काही वेळा रॅप्टर लेकच्या बी० चिपवर. दोन्हींत कॅश तेवढीच ठेवली असल्याने वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. पण तेरावी पिढी म्हणून बारावीच्या १२४०० पेक्षा खूप जास्त पैसे मोजताना हे लक्षात असावं. १३४०० मध्ये जास्तीचं मिळतं ते मुख्यतः चार छोटे कोअर.

डिसेंबर २०२३ मध्ये मिटिअर लेकबरोबर इंटेलने आयचं अक्षर सोडलं आणि 'कोअर अल्ट्रा' आणलं. इथे तर शेवटच्या अक्षराशिवाय काहीच कळत नाही. कोअर अल्ट्रा ७ चे तीन क्रमांक पाहा. २५८व्ही हा लूनर लेक: आठ कोअर, आणि ३२ जीबी रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली, पुढे वाढवता येणार नाही. २५५एच हा ॲरो लेक: सोळा कोअर. २५५यू लाही ॲरो लेकच म्हणतात, पण त्यातले कोअर मिटिअर लेकच्या रचनेचे आहेत. तिघांचे आकडे जवळजवळ सारखे, कामं पूर्ण वेगळी: पहिला बॅटरी टिकावी म्हणून, दुसरा जड कामासाठी, तिसरा ऑफिससाठी. आणि नावात अल्ट्रा नसेल, नुसतं 'कोअर ७ २४०एच' असेल, तर तो रॅप्टर लेक आहे. लॅपटॉप २०२५ चा असला तरी.

चौथी पायरी: एएमडीचा आकडा वाचणं

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीने लॅपटॉपच्या क्रमांकांची नवी पद्धत जाहीर केली. पहिला आकडा वर्ष सांगतो, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जा. तिसरा कोअरची रचना: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. चौथा ० किंवा ५. तिसरा आकडा ३ असताना शेवटी ५ आला की झेन ३+. म्हणजे सुरुवातीच्या चार लॅपटॉपचं कोडं कंपनीनेच सोडवून ठेवलंय, फक्त सगळ्यात महत्त्वाचा आकडा तिसऱ्या जागी ढकललाय. ग्राहक पहिला आकडा बघतो हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. ही पद्धत ७००० आणि ८००० च्या लॅपटॉप प्रोसेसरना लागू होते. २०२४ मध्ये झेन ५ च्या स्ट्रिक्स पॉइंट चिपबरोबर 'रायझन एआय ३००' आलं आणि ती बाजूला पडली. डेस्कटॉपच्या क्रमांकांना ती लावू नका.

त्याआधीच्या ५००० सिरीजमध्ये तिसऱ्या आकड्याची सोय नव्हती, तिथे पाठच करावं लागतं. रायझन ५ ५५००यू म्हणजे लुसियन, झेन २, एल३ ८ एमबी. रायझन ५ ५६००यू म्हणजे सेझान, झेन ३, एल३ १६ एमबी. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात हे दोन्ही भरपूर दिसतात आणि विक्रेत्यालाही फरक माहीत नसतो. टास्क मॅनेजरमधली एल३ बघितली की लगेच कळतं.

डेस्कटॉपला असाच फरक ५५०० आणि ५६०० मध्ये. ५६०० हा व्हर्मीर: एल३ ३२ एमबी, पीसीआयई ४ (ग्राफिक्स कार्ड जोडायचा मार्ग). ५५०० म्हणजे ग्राफिक्स बंद केलेला सेझान, मूळ लॅपटॉपची चिप: एल३ १६ एमबी, पीसीआयई ३. दोन्ही झेन ३. गेम खेळताना कॅशचा फरक दिसतो, शिवाय स्वस्त ग्राफिक्स कार्डांपैकी ज्यांना कमी लेन असतात त्यांना पीसीआयई ३ चा फटका जास्त बसतो. किंमतीत फरक थोडा असेल तर ५६०० घ्यावा, यावर माझ्या मनात शंका नाही.

२००० आणि ३००० सिरीजमधले जी अक्षराचे डेस्कटॉप प्रोसेसर आकड्यापेक्षा एक पाऊल मागे असतात, हेही ध्यानात ठेवा. ३६०० मध्ये झेन २ आहे, पण ३२००जी मध्ये झेन+. तसंच २६०० मध्ये झेन+ आणि २४००जी मध्ये मूळ झेन. याचा थेट परिणाम विंडोज ११ वर होतो: मायक्रोसॉफ्टच्या यादीत २६०० आहे, २४००जी नाही. पिढी दोघांचीही २००० ची.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, ग्राहकाला फायद्यात ठेवणारं. रायझन ५ १६०० हा २०१७ चा १४ नॅनोमीटरचा समिट रिज. नंतर त्याच नावाने १२ नॅनोमीटरची झेन+ चिप विकली गेली. खोक्यावरच्या लांबलचक कोडमध्ये एई ऐवजी एएफ एवढाच बदल, म्हणून लोक तिला '१६०० एएफ' म्हणू लागले.

पाचवी पायरी: मशीनवर खात्री करा

आधी कंपनीचं पान. इंटेलच्या संकेतस्थळावर क्रमांक शोधला की तपशिलात कोडनेमची ओळ असते, 'प्रॉडक्ट्स फॉर्मरली' आणि पुढे नाव. एएमडीच्या पानावर 'फॉर्मर कोडनेम' आणि कोअरची रचना दोन्ही असतात. बाहेरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हे जास्त विश्वासाचं.

मग मशीन हातात असेल तर विंडोजवर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. पहिल्याच पानावर कोडनेम, सॉकेट, नॅनोमीटर, फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग आणि रिव्हिजन दिसतात. १३४०० सी० आहे की बी०, ते रिव्हिजनच्या रकान्यात कळतं. पण एक गोष्ट समजून घ्या: कोडनेम चिपमध्ये लिहिलेलं नसतं. चिप फक्त फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग असे आकडे आणि विक्रीचं नाव सांगते. सॉफ्टवेअर स्वतःच्या यादीतून कोडनेम लावतं. त्यामुळे सॉफ्टवेअर जुनं आणि चिप नवी असेल तर नाव चुकू शकतं किंवा रिकामं येऊ शकतं. आधी ते अपडेट करा. व्हर्च्युअल मशीनमध्येही या माहितीवर विसंबू नका.

हेच कच्चे आकडे विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सिस्टमइन्फो कमांड देऊन आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एलएससीपीयू कमांड देऊन मिळतात. आता ते वाचायचे कसे?

इंटेलची फॅमिली जवळजवळ नेहमी ६ दिसेल. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून ती चालत आली आहे (मधला पेंटियम ४ अपवाद, त्याची फॅमिली १५). म्हणून इंटेलमध्ये मॉडेलचा आकडा महत्त्वाचा. ४२ म्हणजे सँडी ब्रिज, ५८ आयव्ही ब्रिज, ६० हॅसवेल, ९४ डेस्कटॉप स्कायलेक, १२६ आइस लेक, १४० टायगर लेक, १५१ डेस्कटॉप अल्डर लेक, १७० मिटिअर लेक, १८९ लूनर लेक. कधी मॉडेलही पुरत नाही. १४२ हा आकडा केबी लेकपासून कॉमेट लेकपर्यंतच्या अनेक लॅपटॉप चिपना मिळतो. तिथे स्टेपिंग बघायचं. ९ असेल तर मूळ केबी लेक, १० असेल तर बहुधा केबी लेक आर, ११ व्हिस्की लेक. १२ ला व्हिस्की लेक आणि कॉमेट लेक दोन्ही सापडतात, तेव्हा पुन्हा क्रमांकाकडे वळा.

एएमडीमध्ये फॅमिलीच बरंच सांगते: २३ म्हणजे झेन, झेन+ किंवा झेन २, २५ म्हणजे झेन ३ किंवा झेन ४, २६ म्हणजे झेन ५.

स्टेपिंगकडे रोजच्या वापरात दुर्लक्ष केलं तरी चालतं. पण कधीकधी ते पैशाचं असतं. कोअर २ क्वाड क्यू६६०० आठवत असेल त्यांना बी३ आणि जी० आठवेलच. चिप तीच, केंट्सफील्ड, २.४ गिगाहर्ट्झ, पण बी३ ची उष्णतेची मर्यादा १०५ वॉट आणि जी० ची ९५ वॉट. जी० थंड राहायचा, ओव्हरक्लॉकिंगला जास्त जायचा, म्हणून लोक धातूच्या झाकणावर कोरलेला कोड वाचून घ्यायचे: एसएलएसीआर म्हणजे जी०, एसएल९यूएम म्हणजे बी३.

सहावी पायरी: कोडनेम कळलं, पुढे काय तपासायचं

पहिली गोष्ट, गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच कोअरच्या दोन प्रोसेसरमध्ये करा. कोअर वेगळा असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. याचं सगळ्यात कडू उदाहरण इंटेलनेच दिलं. २००२ चा पेंटियम ४ नॉर्थवूड १३० नॅनोमीटरचा होता, २० टप्प्यांच्या पाइपलाइनचा (प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून जाते ती साखळी). २००४ मध्ये ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट आला, पाइपलाइन ३१ टप्प्यांची. कॅश दुप्पट होऊन १ एमबी झाली, तरी त्याच वेगाला तो बऱ्याच कामांत नॉर्थवूडच्या पुढे जाऊ शकला नाही, आणि तापायचा जास्त. त्या काळी २.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ मागितला तर नुसता २.४, बी, सी आणि ए असे प्रकार मिळत. त्यातला सी हा ८०० मेगाहर्ट्झच्या बसचा (प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणारा मार्ग), हायपर-थ्रेडिंगवाला नॉर्थवूड होता, आणि नंतर आलेला ए हा ५३३ च्या बसचा प्रेस्कॉट. नवा होता तोच मंद होता. रॉकेट लेकचीही थोडी तशीच गत झाली: आय९-१०९००के मध्ये दहा कोअर होते, पुढच्या पिढीच्या आय९-११९००के मध्ये आठ.

दुसरी गोष्ट कॅश. १९९८ मध्ये सेलेरॉन ३०० आणि सेलेरॉन ३००ए एकाच वेगाचे होते. पहिला कोव्हिंग्टन, एल२ कॅशच नाही. दुसरा मेंडोसिनो, १२८ केबी एल२, तीही प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालणारी. एका अक्षराचा फरक, पण कामात जमीन-अस्मानाचं अंतर. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की हा ३००ए ४५० ला धावायचा आणि कितीतरी महाग पेंटियम २ च्या तोडीस तोड उतरायचा. कोडनेम बघून खरेदी करण्याची हौस पुष्कळांना तेव्हापासून लागली.

नॅनोमीटरवर फार वेळ घालवू नका. ते आकडे दोन कंपन्यांमध्ये जुळत नाहीत. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० नॅनोमीटर प्रक्रियेचं नाव बदलून 'इंटेल ७' केलं, यातच सगळं आलं. एकाच कंपनीच्या दोन चिपमध्ये तेवढा तो आकडा बघावा.

व्हिडिओचं मात्र बघाच, कारण जुन्या मशीनचा पंखा यूट्यूबवर का ओरडतो त्याचं उत्तर इथे असतं. एचईव्हीसी आणि व्हीपी९ या पद्धतींनी दाबलेले १० बिटचे व्हिडिओ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलमध्ये केबी लेकपासून आली, स्कायलेकमध्ये ती अर्धवट होती. एव्ही१ या त्यानंतरच्या पद्धतीची सोय टायगर लेक आणि रॉकेट लेकपासून. एएमडीच्या बार्सेलोमध्ये जुनं व्हेगा ग्राफिक्स असल्याने एव्ही१ नाही, रेम्ब्रांटमध्ये आहे. म्हणजे ७५३०यू आणि ७५३५यू मध्ये खरा फरक कोअरपेक्षा ग्राफिक्सचा जास्त आहे.

डेस्कटॉप जोडणाऱ्यांनी सॉकेटच्या पिनांवर जाऊ नये. एलजीए ११५१ मध्ये स्कायलेक, केबी लेक आणि कॉफी लेक तिन्ही बसतात, पण कॉफी लेकला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डवरची नियंत्रक चिप) लागतो. १०० आणि २०० च्या बोर्डवर तो अधिकृतपणे चालत नाही. एएम४ च्या जुन्या बोर्डवर व्हर्मीर चालवायचा तर बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट हवं, आणि ते जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी करायचं. नंतर केलं तर स्क्रीन काळीच राहते. एलजीए १७०० च्या बोर्डवर डीडीआर४ किंवा डीडीआर५ यांपैकी काय चालेल ते बोर्ड ठरवतो, त्यामुळे रॅम बोर्ड बघूनच घ्या.

आणि वापरलेला तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप घेत असाल तर रॅप्टर लेकची २०२४ ची कथा माहीत असू द्या. काही प्रोसेसर चुकीच्या, जास्त व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं नियंत्रण सॉफ्टवेअर, जे बायोस अपडेटमधून येतं) दिला आणि त्या मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून आय७ आणि आय९ घेताना बायोस कधी अपडेट केला होता ते विचारा, आणि मूळ बिल घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर खोक्याशिवाय आलेल्या प्रोसेसरबाबत अडचण येऊ शकते.

एक खरेदी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या दुकानात दोन मशीन सारख्याच किंमतीला आहेत. एकावर आय७, दुसऱ्यावर आय५. विक्रेता आय७ पुढे सरकवतो.

पूर्ण क्रमांक: आय७-७६००यू आणि आय५-८३५०यू. दोन्ही १४ नॅनोमीटर, दोन्हींत कोअरची रचना मुळात तीच. कोडनेम केबी लेक आणि केबी लेक आर. त्या 'आर' मध्येच सगळी गोष्ट आहे: इंटेलने त्याच १५ वॉटच्या गटात दोनऐवजी चार कोअर बसवले. टास्क मॅनेजर उघडलात तर आय७ मध्ये दोन कोअर, चार थ्रेड दिसतील, आय५ मध्ये चार आणि आठ. एका वेळी एकच काम करत असाल तर ७६००यू थोडा पुढे असेल, कारण त्याचा कमाल वेग जास्त आहे. दहा टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि एक्सेल एकत्र चालू झाले की तो मागे पडतो.

यानंतर विंडोज ११. मायक्रोसॉफ्टच्या यादीत ८३५०यू आहे, ७६००यू नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आय७ घेणाऱ्याला लिनक्स टाकावं लागेल किंवा आडमार्गाने विंडोज ११ बसवावं लागेल. व्हिडिओच्या बाबतीत दोघं सारखेच.

सारख्या किंमतीत आय५ घ्या. आय७ किमान तीन-चार हजारांनी स्वस्त मिळत असेल आणि तुम्ही लिनक्सच वापरणार असाल, तर आय७ चा विचार करायला हरकत नाही. दोन्ही बाबतींत पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून रॅमचा दुसरा स्लॉट आहे का ते बघा, आणि बॅटरीचा अहवाल काढून घ्या.